आईला आमवात आहे, मग मला होईल का?

आईची बोटं वर्षावर्षाने वाकडी होत गेलेली पाहत जी मुलं मोठी होतात, त्यांच्या मनातून एक प्रश्न जात नाही: हे उद्या माझ्याही वाट्याला येणार का? तिशी ओलांडल्यावर एखाद्या सकाळी मूठ नीट वळली नाही, की तो पुन्हा वर येतो. मग कुणी जनुकीय चाचणीचं किट मागवतं, कुणी परस्पर लॅबमध्ये जाऊन आरए फॅक्टर ही रक्तचाचणी करून आणतं, कुणी वांगं आणि दही सोडतं. काहीजण भीतीपोटी विषयच टाळतात. ज्यांच्या घरात आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, त्यांच्या मुलामुलींसाठी आणि भावंडांसाठी हा लेख आहे. या आजारात स्वतःच्या जनुकांची चाचणी करून हाती फारसं काही लागत नाही. उलट, घरात हा आजार आहे ही साधी माहिती योग्य वेळी योग्य डॉक्टरांपर्यंत पोहोचली, तर ती फार मोलाची ठरते.

आधी घरातला आजार नेमका कोणता, ते पाहा

‘आजीला वाताचा त्रास होता’ एवढंच बहुतेक घरांत माहीत असतं. त्यावरून काहीच ठरत नाही. वयोमानाने होणारी गुडघ्यांची झीज वेगळी, युरिक अ‍ॅसिड वाढून पायाचा अंगठा सुजवणारा गाऊट वेगळा, सोरायसिसबरोबर येणारी सांधेदुखी वेगळी, चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारी वेगळी, आणि तरुणांची कंबर-पाठ आखडवणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आणखी वेगळा. प्रत्येकाचं आनुवंशिक गणित निराळं आहे. आमवातात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. तो बहुधा दोन्ही हातांच्या लहान सांध्यांत, मनगटांत आणि पावलांत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पट अधिक होतो.

तेव्हा घरात बसून थोडी चौकशी करा. आईला त्रास कोणत्या वयात सुरू झाला? आधी बोटं सुजली की गुडघे? सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागायचा? जुनी फाइल असेल तर अँटी-सीसीपी किंवा आरए फॅक्टर या रक्तचाचण्यांचा रिपोर्ट शोधा. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी चालू असेल तर तीही एक खूण आहे. मात्र ती सोरायसिसलाही देतात, म्हणून डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचून घ्या. मावशा, मामा, आत्या, काका यांच्यात कुणाला हा आजार असेल तर तोही टिपून ठेवा. एका कागदावर मावणारी ही माहिती कुठल्याही महागड्या चाचणीपेक्षा तुमच्या अधिक उपयोगाची आहे.

धोका किती, ते आकड्यांत

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघरी जाऊन सांध्यांच्या आजारांची पाहणी केली. तिथे प्रौढांमध्ये आमवाताचं प्रमाण साधारण दोनशेत एक असं आढळलं. जगभरातले आकडेही अर्धा ते एक टक्का याच पट्ट्यात येतात. आई, वडील किंवा सख्खं भावंड आजारी असेल तर धोका ढोबळमानाने तिप्पट होतो. ‘तिप्पट’ ऐकलं की छातीत धस्स होतं, पण तिप्पट कशाच्या, हे विचारायला हवं. दोनशेत एकाच्या तिप्पट म्हणजे दोनशेत तीन.

हा झाला एका वेळेचा हिशेब. आयुष्यभराचा केला तर आकडा वाढतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका अभ्यासात स्त्रियांचा जन्मभराचा धोका साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला, पुरुषांचा त्याच्या निम्म्याने. तो आकडा जसाच्या तसा आपल्याला लागू होईलच असं नाही, तरी तोच घेऊन तिप्पट केला, तर आमवात असलेल्या आयांच्या शंभर मुलींपैकी जवळजवळ नव्वद जणींना हा आजार जन्मात होणार नाही. उरलेल्या दहांची काळजी घ्यायचीच आहे, आणि पुढचं सगळं त्यासाठीच लिहिलं आहे. पण रात्रीची झोप उडवण्याजोगं हे गणित नाही.

इंटरनेटवर अनेकदा ‘हा आजार साठ टक्के आनुवंशिक आहे’ असं वाचायला मिळतं आणि लोक त्याचा अर्थ ‘मला होण्याची शक्यता साठ टक्के’ असा घेतात. तसा तो नाही. एका मोठ्या लोकसमूहात कुणाला आजार होतो आणि कुणाला होत नाही, या फरकातला किती भाग जनुकांच्या फरकामुळे पडतो, त्याचा तो अंदाज आहे. एका माणसाच्या शक्यतेबद्दल तो काही सांगत नाही.

खरं उत्तर जुळ्या भावंडांकडून मिळतं. ब्रिटनमध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाला आमवात असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचं प्रमाण १५ टक्के निघालं. दोन बीजांच्या जुळ्यांत ते चार टक्क्यांहूनही कमी होतं. १५ आणि ४ यांतलं अंतर जनुकांचं वजन दाखवतं. पण जनुकं तंतोतंत तीच असूनही शंभरातल्या ८५ जोड्यांत दुसरं भावंड त्या आजारापासून दूर राहिलं, हेही त्याच अभ्यासाने दाखवलं. तुमच्या जनुकांचं अक्षरन्‌अक्षर वाचणारी चाचणी केली, तरी ती या जुळ्यांहून जास्त खात्रीने काय सांगणार?

जनुकांत नेमकं काय असतं

हे थोडं समजून घ्यावं असं मला वाटतं, कारण तुमच्या रिपोर्टवर जी अँटी-सीसीपीची ओळ असते तिचा अर्थ इथेच उलगडतो.

आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाची जनुकांची एक मोठी वस्ती आहे. त्यांतून तयार होणारी प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर उभी राहतात आणि आपल्या खोबणीत प्रथिनांचे बारीक तुकडे धरून प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना दाखवतात: हे आपलं, हे परकं. ही खोबण प्रत्येकाची थोडी वेगळी असते. १९७८ साली डॅलसचे डॉ. पीटर स्टास्टनी यांना असं दिसलं की त्यांच्या आमवाताच्या रुग्णांपैकी ७० टक्क्यांत एचएलए-डीआर४ हा प्रकार आहे, तर निरोगी लोकांत तो २८ टक्क्यांत. पुढे १९८७ मध्ये पीटर ग्रेगरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की धोका वाढवणाऱ्या निरनिराळ्या डीआर प्रकारांत ७० ते ७४ या क्रमांकांच्या पाच अमिनो आम्लांची रचना जवळपास सारखी असते. ही जागा नेमकी त्या खोबणीच्या काठाशी आहे.

तिचं महत्त्व पुढे कळलं. शरीरात दाह असतो तिथे काही विकरं प्रथिनांतल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाचं सिट्रुलिनमध्ये रूपांतर करतात. आर्जिनिनवर धन विद्युतभार असतो, सिट्रुलिनवर नसतो. ज्यांच्या खोबणीला ती पाच आम्लांची खूण आहे, तिथे आर्जिनिन नीट बसत नाही, पण सिट्रुलिन चपखल बसतं. मग बदललेलं प्रथिन टी-पेशींपुढे पुन्हा पुन्हा मांडलं जातं आणि काहींच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ लागतात. अँटी-सीसीपी चाचणी त्याच प्रतिपिंडांचा शोध घेते. सांधे दुखायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून ती रक्तात असू शकतात.

आता स्टास्टनींचा दुसरा आकडा पुन्हा पाहा. शंभर निरोगी माणसांपैकी २८ जणांकडे तो प्रकार होताच, आणि त्यांतल्या बहुतेकांना काही झालं नाही. शिवाय आईकडे त्या जनुकाची एकच प्रत असेल तर ती तुमच्याकडे येण्याची शक्यता निम्मीच.

एचएलए सोडून इतरही जनुकं आहेत. २०१४ साली युरोपीय आणि आशियाई वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करून संशोधकांनी जनुकसंचातल्या १०१ जागा आमवाताशी जोडल्या. बहुतेक जागांचा एकेकटीचा परिणाम अगदी किरकोळ आहे. आणि लोकसमूह बदलला की चित्र बदलतं. पीटीपीएन२२ या जनुकातला एक बदल युरोपीय लोकांत महत्त्वाचा मानला जातो, पण जपान-चीनमध्ये तो जवळजवळ सापडतच नाही. एचएलए-डीआर गटातल्या डीआरबी१ या जनुकाचा उत्तर युरोपात एक उपप्रकार पुढे असतो, जपानमध्ये दुसरा; भारतीय रुग्णांत डीआर४ बरोबर डीआर१० ही दिसतो. अमेरिकेतल्या पिमा आणि चिपेवा या मूळनिवासी समाजांत तर तिसराच उपप्रकार पसरलेला आहे आणि तिथे या आजाराचं प्रमाण पाच टक्क्यांच्या घरात जातं. म्हणून मुख्यतः युरोपीय माहितीवर बेतलेला ‘धोक्याचा स्कोअर’ साताऱ्यातल्या किंवा फोंड्यातल्या माणसाला लावताना फार जपून वाचावा लागतो. पाकिटातून आलेल्या रंगीत अहवालात हे सहसा ठळक छापलेलं नसतं.

आणखी एक गोंधळ टाळा. एचएलए-बी२७ ही चाचणी आमवाताची नव्हे. ती अँकिलोझिंग स्पाँडिलायटिससारख्या पाठीच्या कण्याच्या आजारांसाठी करतात. ती निगेटिव्ह आली म्हणून ‘चला, सुटलो’ असं समजू नका, आणि पॉझिटिव्ह आली म्हणून आईचाच आजार आपल्याला आला, असंही नाही.

जे आपल्या हातात आहे

धूम्रपान. बाकी सगळं नंतर. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष या विषयातले सर्वांत बोलके आहेत. ज्यांना आई आणि वडील दोघांकडून ती पाच आम्लांची खूण मिळाली होती आणि जे सिगारेट ओढत होते, त्यांचा अँटी-सीसीपी असलेल्या आमवाताचा धोका, खूण नसलेल्या आणि न ओढणाऱ्या लोकांच्या २१ पट होता. धुरामुळे फुप्फुसांत दाह होतो, तिथे प्रथिनांतलं सिट्रुलिन वाढतं आणि खोबण त्याची वाट पाहत असते, असा यामागचा कार्यकारणभाव मानला जातो. ज्यांच्या घरात आमवात आहे त्यांच्यासाठी बिडी आणि सिगारेट ही इतरांपेक्षा जास्त महाग सवय आहे. सोडल्यावर धोका लगेच उतरत नाही, त्याला वर्षं लागतात. म्हणूनच विशीतल्या मुलाला आजच सांगायला हवं. आईच्या हाताकडे बोट दाखवून सांगितलं तरी चालेल.

बॉस्टनमध्ये रुग्णांच्या नातेवाइकांवर झालेल्या एका प्रयोगात, प्रत्येकाला त्याचा वैयक्तिक धोका जनुकांसकट समजावून सांगितला तेव्हा सवयी बदलण्याची त्यांची तयारी वाढली, हे खरं आहे. एखाद्याला तेवढ्यासाठी चाचणीचा उपयोग होईलही. पण सिगारेट सोडायला तुमचा एचएलए माहीत असण्याची गरज नाही.

दगडाच्या बारीक भुकटीतली सिलिकाही धोका वाढवते. खडी क्रशर, खाण, दगडकाम, फाउंड्री अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी धूळ दाबण्यासाठी पाण्याचा वापर आणि योग्य मास्क याबाबत आग्रही राहावं. घरात आमवात असेल आणि वर सिगारेटही असेल, तर अशा कामात दुप्पट सावध राहा.

हिरड्यांकडे आपलं दुर्लक्ष असतं. पायोरिया करणाऱ्या जंतूंपैकी एक जंतू स्वतःच सिट्रुलिन तयार करणारं विकर बाळगतो आणि आमवाताच्या रुग्णांत हिरड्यांचा आजार जास्त दिसतो. दातांच्या डॉक्टरांकडे वर्षातून एकदा जा, रक्त येत असेल तर लवकर जा. मशेरी लावणाऱ्या बायकांना एवढंच सांगेन, की आमवाताशी थेट संबंधाचा पुरावा धुराच्या तंबाखूचा आहे. पण मशेरी हिरड्या आणि तोंड नासवते, तेवढं कारण ती सोडायला पुरे आहे.

वजन आटोक्यात ठेवल्याने थोडा फायदा होतो. वांगं, टोमॅटो, दही, चिंच यांनी आमवात होतो याला आधार नाही. आवडत असेल तर खा.

बाळंतपणानंतरच्या महिन्यांबद्दल मात्र मुलींनी जागं राहायला हवं. आमवात असलेल्या पुष्कळ स्त्रियांना गरोदरपणात बरं वाटतं आणि प्रसूतीनंतर काही महिन्यांत आजार उसळतो. काही जणींत तो पहिल्यांदा याच काळात दिसतो. बाळाला उचलून अंगठ्याच्या बुडाशी मनगट दुखणं नव्या आयांमध्ये अगदी सर्रास असतं, त्याने घाबरू नका. पण दोन्ही हातांची बोटं सुजत असतील आणि सकाळी बाळाची लंगोटी बांधता येत नसेल, तर ‘बाळंतवात आहे, शेक द्या’ एवढ्यावर थांबू नका.

कधी, कुणाकडे, कोणती चाचणी

काही त्रास नसताना आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी करून घेण्याचा सल्ला मी देत नाही. आरए फॅक्टर निरोगी माणसांत, विशेषतः वयस्करांत, तसंच क्षयरोग, हिपॅटायटिस सी अशा आजारांतही पॉझिटिव्ह येतो. त्या एका ओळीपायी वर्षभर घाबरलेली माणसं असतात. उलट, खरा आमवात असूनही या दोन्ही चाचण्या निगेटिव्ह येऊ शकतात. चाचणीला अर्थ येतो तो लक्षणांमुळे.

लक्षणं ओळखायला मात्र शिकून ठेवा. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली, सूज दिसण्याआधीच कोणती सांधेदुखी संशयास्पद मानावी याची सात लक्षणं ठरवली: दुखणं वर्षाच्या आतलं असणं, हाताच्या बोटांच्या मुळाशी दुखणं, सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा त्याहून जास्त राहणं, पहाटे-सकाळी त्रास सर्वाधिक असणं, मूठ वळायला अवघड जाणं, बोटांच्या मुळाचे सांधे दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येणं, आणि आई, वडील, भावंड किंवा मुलाला आमवात असणं. सातातली एक जागा तुमच्या घरच्या माहितीने आधीच भरलेली आहे. म्हणून बाकीच्यांतली दोन-तीन जरी जुळली, तरी तुम्ही शेजारणीपेक्षा लवकर हलायला हवं.

आपल्या घरात ही लक्षणं वेगळ्या शब्दांत येतात. सकाळची कणीक मळवत नाही. कपडे पिळताना मनगटात कळ जाते. अंगठी अचानक घट्ट होते. अंथरुणातून उठून पहिली पावलं टाकताना खड्यांवर चालल्यासारखं वाटतं. दुपारपर्यंत सगळं बरं होतं आणि मग आपण ते विसरून जातो. झिजेच्या दुखण्यात उलटं होतं: सकाळचा आखडलेपणा थोड्या वेळात जातो आणि काम केलं की दुखणं वाढतं, त्यात हाताच्या बोटांचे नखाजवळचे सांधे जाड होतात, आमवातात ते बहुधा वाचतात.

पावसाळ्यात ताप येऊन गेल्यावर सांधे धरले असतील तर चिकुनगुनियाची शक्यता असते आणि त्याचं दुखणं हुबेहूब आमवातासारखं वाटू शकतं. त्याबद्दल डॉक्टरांना नक्की सांगा.

सूज किंवा अशी दुखणी टिकून राहिली तर सहा आठवड्यांच्या आत संधिवाततज्ज्ञांपर्यंत, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टपर्यंत पोहोचावं आणि निदान झालं तर तीन महिन्यांच्या आत औषध सुरू व्हावं, हे आज ध्येय मानलं जातं. आपल्याकडे यात वर्षं जातात. तालुक्याच्या गावी तज्ज्ञ नसतो, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे वाताची पुडी. त्या निनावी पुडीत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत चमत्कार झाल्यासारखं वाटतं, सूज दबते, आजार आत चालूच राहतो आणि हाडांची, साखरेची, रक्तदाबाची नवी दुखणी मागे लागतात. तुमच्या घरात आमवात आहे हे माहीत असताना पुडीवर महिने घालवणं परवडणारं नाही.

आईचे हात पाहून ‘माझंही असंच होणार’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण तिच्यावेळचे उपचार आणि आजचे यांत फार फरक आहे. आमवातावर मेथोट्रेक्सेट सर्रास वापरलं जाऊ लागलं ते १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून, आणि लहान गावांत ते पोहोचायला आणखी काळ गेला. लवकर सुरू केलेल्या औषधांनी आज पुष्कळ रुग्णांचे सांधे वाकडे होत नाहीत. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर लिहा. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, कारण ती गर्भाला घातक आहे आणि काही काळ आधी थांबवावी लागते.

अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आहे, सांधे दुखतात, पण सूज अजून नाही, अशा लोकांना अबाटासेप्ट हे औषध काही काळ देऊन पाहण्याचे प्रयोग युरोपात झाले आणि त्यांचे निष्कर्ष २०२४ साली आले. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या प्रयोगात ते वर्षभर दिलं गेलं; वर्षअखेरीस औषध घेणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांना आजार झाला, न घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना. औषध थांबवल्यावर हे अंतर कमी होत गेलं. दोन वर्षांनी २५ आणि ३७ टक्के. म्हणजे आजार पुढे ढकलता येतो, कायमचा थोपवता येत नाही. हे अजून रोजच्या उपचारांत आलेलं नाही, पण दिशा आशेची आहे.

लग्न आणि लपवालपवी

आईचा आमवात स्थळ बघताना लपवला जातो, विशेषतः मुलीचं लग्न असेल तेव्हा. ‘त्यांच्याकडे वात आहे’ एवढ्यावर स्थळं मोडतात, हे मला फार अन्यायाचं वाटतं. वर मांडलेले आकडे पाहा. घरात मधुमेह आहे म्हणून सहसा कुणी स्थळ नाकारत नाही, आणि तो तर कितीतरी अधिक घरांत आहे. लपवण्याचा तोटा त्या मुलीलाच होतो: बाळंतपणानंतर हात सुजतात तेव्हा सासरी काही माहीत नसतं, आणि ती स्वतःही सांगायला कचरते. आयांनाही सांगावंसं वाटतं, की हे तुम्ही मुलांना ‘दिलेलं’ दुखणं नाही. ती जनुकं तुम्हालाही कुणीतरी दिली होती, आणि तुमच्या भागातल्या कित्येक निरोगी माणसांकडेही ती आहेत.

डॉक्टरांकडे जाताना घरच्या आजाराचा तो कागद, आईच्या रिपोर्टच्या झेरॉक्स आणि तुम्ही घेतलेल्या सगळ्या गोळ्या-पुड्या सोबत न्या. वेळ बहुधा दुपारची किंवा संध्याकाळची मिळते आणि तोवर सूज उतरलेली असते. म्हणून सकाळी उठल्या उठल्या दोन्ही हातांचे फोटो काढा, मूठ किती वळते त्याचाही एक काढा, आणि हात मोकळे व्हायला किती वाजले ते आठवडाभर लिहून ठेवा.